चाकणचा साहेब बाणेरला का चालेना?

नोकरी-धंद्यातल्या प्रश्नांचं हे आपलं पान. यावेळी आलेल्या पत्रांत आणि मेलमध्ये बॉस होणं आणि बॉस झेलणं हाच विषय इतका होता की पगाराचे, पीएफचे, नोटीस पीरियडचे प्रश्न पुढच्या अंकात ढकललेत, रागवू नका. नावं कुणाचीच देत नाहीये, कंपन्यांचीही नाही, पुणं केवढंसं आहे, लगेच कळतं कोण ते.

प्रश्न : मी डिप्लोमा मेकॅनिकल. चाकणला एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत प्रेस शॉपला ट्रेनी म्हणून लागलो आणि प्लांट हेडपर्यंत पोचलो. तिथे सगळे मानायचे. सकाळी लाइनवर उभ्या उभ्या मीटिंग, तासातासाचा बोर्ड, प्रॉब्लेम आला की जागेवर निर्णय, विषय संपला. मागच्या वर्षी बाणेरच्या एका इंजिनिअरिंग सॉफ्टवेअर कंपनीने माझा ऑटोमोटिव्हचा अनुभव बघून डिलिव्हरी हेड म्हणून घेतलं. इथेही मी तेच करतोय, तर दोन सीनियर सोडून गेले, त्यातल्या एकीने एक्झिट इंटरव्ह्यूत 'मायक्रोमॅनेजमेंट' असं लिहिलं, आणि माझे साहेब म्हणतात जरा कोलॅबोरेटिव्ह व्हा. माणूस तोच आहे ना मी? मग चाकणला काय नशिबाने चाललं का सगळं?

उत्तर : नशिबाने नाही हो. चाकणला तुम्ही जे करत होता ते तिथे बरोबरच होतं. कस्टमरची असेंब्ली लाइन तुमच्या एका ब्रॅकेटसाठी थांबली तर मिनिटाच्या हिशोबाने डेबिट, म्हणजे दंडच, लागतो, तिथे डाय फुटल्यावर सगळ्यांची मतं कोण विचारत बसणार? पार्ट बरोबर की चूक ते गेज सांगतं, तासाला किती निघायला हवेत ते सायकल टाइम सांगतो, आणि तुम्ही स्वतः त्याच प्रेसवर हात काळे केलेले, त्यामुळे तुम्ही आवाज चढवलात तरी समोरच्याला माहीत असायचं की हा माणूस उगाच बोलत नाहीये.

फ्रेड फीडलर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९६७ साली हेच मांडलं होतं. शाळेच्या बास्केटबॉल टीमपासून बॉम्बर विमानांच्या क्रूपर्यंत काय काय तपासून तो म्हणाला की नेता कसा आहे हे नुसतं बघू नका, तो कुठे उभा आहे ते बघा, म्हणजे माणसांचा त्याच्यावर भरवसा किती, काम किती ठरीव आहे आणि बक्षीस-शिक्षा देण्याचा अधिकार त्याच्या हातात किती. तिन्ही गोष्टी भक्कम असल्या किंवा तिन्ही पार ढासळलेल्या असल्या तर कामावर बोट ठेवणारा कडक माणूस जास्त चालतो, आणि मधल्या धूसर अवस्थेत माणसं सांभाळणारा. आता तुमचं बघा. चाकणला तिन्ही भक्कम होत्या. बाणेरला भरवसा अजून कमवायचाय, काम ठरीव नाही (जो मॉड्यूल आजवर कुणी लिहिलाच नाही त्याला किती दिवस लागतील हे कुठलंही गेज सांगत नाही), आणि अधिकार म्हणाल तर तो ऑफर लेटरवरच, कारण ज्या मुलीला तुम्ही अप्रेझलची भीती घालाल तिच्या लिंक्डइनवर आधीच चार रिक्रूटर येऊन बसलेत.

आणि हे मोठमोठ्यांचं झालंय. २००० साली जनरल इलेक्ट्रिक म्हणजे जीई या अमेरिकी कंपनीत प्रमुख जॅक वेल्चनंतर कोण म्हणून तिघांत शर्यत होती. खुर्ची इमेल्ट यांना मिळाली, उरलेल्या दोघांना बाहेरच्या कंपन्यांनी हातोहात उचललं, मॅकनर्नी थ्रीएमला गेले आणि नार्डेली होम डेपोला. होम डेपो म्हणजे घरदुरुस्तीच्या सामानाच्या अवाढव्य दुकानांची साखळी, तिथे स्टोअर मॅनेजर आपापल्या दुकानाचा राजा, आणि मदतीला येणारा माणूस पुष्कळदा स्वतः प्लंबिंग नाहीतर सुतारकाम केलेला. नार्डेली वीजनिर्मितीच्या यंत्रांच्या धंद्यातून आलेले. त्यांनी खरेदी सेंट्रल केली, सगळं आकड्यात मोजायला लावलं, पार्टटाइम माणसं वाढवली. विक्री आणि नफा वाढलाही, ते खोटं नाही. पण दुकानातली सर्व्हिस घसरली, जुनी माणसं वैतागली, शेअर जागचा हलेना, आणि जानेवारी २००७ मध्ये त्यांना जावं लागलं. जाताना सुमारे २१ कोटी डॉलरचं पॅकेज घेऊन गेले हा भाग वेगळा, आपल्याला कोण देतंय. हार्वर्डचे बोरिस ग्रॉइसबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जीईतून निघून दुसरीकडे प्रमुख झालेल्या २० जणांचा असाच हिशोब मांडला होता, आणि निघालं असं की नव्या कंपनीची गरज आणि माणसाचा अनुभव जिथे जुळला तिथे छान चाललं, जिथे नाही जुळला तिथे जीईचा शिक्का कामाला आला नाही.

आता करायचं काय. पहिलं म्हणजे 'किती झालं?' हे विचारणं बंद करा आणि 'कुठे अडलंय?' हे विचारा. हसू नका, फार फरक पडतो, कारण पहिल्या प्रश्नाला माणूस आकडा फेकतो आणि दुसऱ्याला खरं सांगतो, की क्लायंटच्या त्या माणसाने स्पेसिफिकेशन अजून पाठवलेलंच नाही आणि चार मेल झालेत. ते अडलेलं मोकळं करणं हे तुमचं काम, तिथे तुमचा चाकणचा दणका वापरा की, क्लायंटच्या प्लांटमधल्या माणसाशी त्याच्या भाषेत बोलणारा त्या ऑफिसात दुसरा कोण आहे? एस्टिमेट मात्र ज्याचं काम त्यालाच देऊ दे आणि मग त्याला त्यावर धरा. कोड कसा लिहायचा यात पडूच नका. १९७८ मध्ये कर आणि जर्मियर या दोघा संशोधकांनी लिहून ठेवलंय की माणसं शिकलेली आणि आपल्या कामाचा अभिमान असलेली असली की वरून सूचना देणारा लागतच नाही, दिल्या तर त्रासच होतो.

सकाळची उभी मीटिंग चालू ठेवा, ती सॉफ्टवेअरवाल्यांच्यातही असतेच, आणि गंमत म्हणजे ते ज्या कानबान बोर्डावर चिठ्ठ्या सरकवतात ना तो टोयोटाच्या शॉपफ्लोअरवरूनच आलाय. आणि हो, रात्री अकराला क्लायंटची सिस्टिम पडली, फोनवर सात जण एकदम बोलतायत, कुणीच ठरवत नाहीये, अशा वेळी तुमचा जुना अवतार बाहेर काढा. तू लॉग बघ, तू क्लायंटशी बोल, बाकीचे गप्प. त्या रात्री कुणी मायक्रोमॅनेजमेंट म्हणणार नाही. फक्त दुसऱ्या दिवशी सकाळी परत माणसात या.

प्रश्न : वडिलांचं भोसरीला मशिन शॉप आहे, टर्न्ड पार्ट्स, तीसेक माणसं, निम्मी बाबांच्या बरोबरीची. मी एमबीए करून दोन वर्षं मुंबईत नोकरी केली आणि आता इथे आलेय. मला सगळ्यांना सामील करून घ्यायचं होतं म्हणून शनिवारी सुट्टीच्या आधी सगळ्यांना चहाला बसवलं आणि म्हटलं, काय बदलायला हवं ते तुम्हीच सांगा. कुणी बोललंच नाही. नंतर सगळ्यात जुने ऑपरेटर काका बाबांना म्हणाले, 'ताईंना अजून कामाचं ठाऊक नाही, आम्हालाच विचारतात.' मला रडू यायचं बाकी होतं. आता कडक व्हायचं का?

उत्तर : ताई, काकांनी तुम्हाला फुकटात जे सांगितलं ते सांगायला कन्सल्टंट लोक चांगले पैसे घेतात, तेव्हा आधी त्यांच्यावरचा राग काढून टाका.

पाटण्याचे मानसशास्त्रज्ञ जे. बी. पी. सिन्हा यांनी आपल्याकडच्या ऑफिसांत आणि कारखान्यांत हेच बघितलं. अमेरिकी पुस्तकं म्हणत होती की सगळ्यांना विचारून चालणारा नेता उत्तम, आणि इथे तसं करायला गेलेल्या माणसाला लोक कच्चा समजत होते. माणसांना वरच्याशी आपुलकीचं नातं हवं होतं, त्याने वाट दाखवावी अशी अपेक्षा होती. १९८० साली त्यांनी एका वेगळ्या प्रकारच्या नेत्याबद्दल पुस्तक लिहिलं, जो जीव लावतो पण कामाच्या बदल्यात लावतो, म्हणजे जो मनापासून काम करेल त्याच्या पाठीशी उभा राहतो, आणि माणसं तयार होत गेली की हळूहळू विचारून चालायला लागतो. ती दुसरी पायरी लोक विसरतात. सिन्हा यांनी कायमची माया-ममता सांगितलेली नाही, ती चढायची शिडी आहे, आणि तुम्ही एकदम वरच्या पायरीवर उडी मारलीत.

तर कडक होण्याआधी उपयोगी व्हा. सगळ्यांना एकत्र बसवून 'काय बदलायचं' असं मोघम विचारलं की कोण बोलणार, बाजूला सुपरवायझर, समोर मालकाची मुलगी, आणि बोलावं तरी शनिवारची बस चुकते. त्यापेक्षा काकांच्याच लेथपाशी जा, आणि एकच नेमकं विचारा, हा जॉब सेट करायला सगळ्यात जास्त वेळ कशात जातो? ते म्हणतील टूल शोधण्यात, नाहीतर ते एक मायक्रोमीटर तिघांत आहे. दोन दिवसांत नवा मायक्रोमीटर आणून द्या. मीटिंग नको, भाषण नको. असं चार-पाच मशिनवर झालं की तीच माणसं तुमच्याकडे स्वतःहून येतील, आणि मग शनिवारचा चहा परत ठेवा, बघा कसे बोलतात.

बाबांची ती वही असेल ना, उचल कुणाला किती दिली, कुणाच्या मुलीचं लग्न, कुणाच्या आईचं ऑपरेशन? एमबीएच्या नजरेला ती गबाळी वाटेल पण अर्धा कारखाना त्या वहीवर उभा आहे, एक्सेलमध्ये टाकून 'पॉलिसी' करायची घाई करू नका. फक्त एक बघा, की उचल बाबांच्या मर्जीवर मिळते की कामावर, कारण मर्जीवर मिळत असेल तर तिथे आपुलकीच्या नावाखाली नुसती लाडकी-दोडकी चाललेली असते आणि तरुण पोरांना ते बरोबर दिसतं. आणि पीएफ, ईएसआय, ओव्हरटाइमचे पैसे हे माणसाचे हक्काचे, ते उचल देऊन भागवायचे नसतात, हे बाबांनाही नम्रपणे सांगा.

खरी अडचण मात्र मला केबिनमध्ये दिसतेय. बाबा अजून रोज येऊन बसतात, बरोबर? मग तुमच्याकडून 'नाही' असं ऐकलं की माणूस पाच पावलं चालून त्यांच्याकडे जातो. जोवर बाबा प्रत्येकाला 'ताईला विचार' असं म्हणत नाहीत तोवर तुम्ही ममता दाखवा नाहीतर डोळे वटारा, अधिकार तुमच्याकडे आलेलाच नाही. यंदा खंडेनवमीला मशिनच्या पूजेला बाबांनी तुम्हाला बसवावं आणि त्यानंतर रजा आणि उचल फक्त तुमच्या सहीने असं सगळ्यांसमोर सांगावं. एवढं एक बाबांकडून करून घ्या.

प्रश्न : कंपनीने लोणावळ्याला दोन दिवस ट्रेनिंगला नेलं. चार चौकोन काढून सांगितलं, माणूस नवा असेल तर सांगा, मग पटवा, मग सामील करा, मग सोपवा. हे खरं असतं का?

उत्तर : हर्सी आणि ब्लँचर्ड यांचं ते मॉडेल, मूळ १९६९ चं. नव्या पोराला सगळं मोकळं सोडू नये आणि मुरलेल्याला बोट धरून चालवू नये, यात न पटण्यासारखं काय आहे? पण संशोधकांनी तपासलं तेव्हा पुरावा फारसा मजबूत निघाला नाही, नव्या माणसांच्या बाबतीत थोडाफार जमतो, बाकी डळमळीत. वर मी फीडलरचं एवढं सांगितलं त्याच्यावरही कमी टीका नाही झालेली. तो नेत्याची पारख करायला विचारायचा की ज्याच्याबरोबर काम करणं तुम्हाला सगळ्यात जड गेलं त्या माणसाला मार्क द्या, आणि त्यातून नक्की काय मोजलं जातं यावर लोक वर्षानुवर्षं भांडलेत. चौकोन लक्षात ठेवायला बरे. माणसाला चौकोनात बसवून वर्षभर तिथेच ठेवू नका म्हणजे झालं, तोच माणूस डिझाइनमध्ये मुरलेला आणि क्लायंटसमोर अगदी नवखा असू शकतो. लोणावळ्याची हवा कशी होती ते नाही लिहिलंत.

प्रश्न : मी एका ढोल-ताशा पथकाचं बघतो. शंभरावर वादक, त्यात आयटीवाले, डॉक्टर, कॉलेजची पोरं. सरावाला वेळेवर येत नाहीत, ओरडलं तर ग्रुप सोडतात. ऑफिसमध्ये माझी टीम नीट ऐकते, इथे का नाही?

उत्तर : कारण ऑफिसमध्ये पगार आहे दादा. इथे तुमच्या हातात ना इन्क्रिमेंट ना नोटीस, माणूस दिवसभर हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून येऊन नदीपात्रात खांद्याला ढोल बांधतोय तो स्वतःच्या हौसेने. मग तुमच्याकडे देण्यासारखं काय आहे ते बघा. एकच आहे, विसर्जनाला लक्ष्मी रोडवर वाजवायला मिळणं, आणि त्यातही पुढच्या रांगेत. म्हणून हजेरीचा नियम सराव सुरू व्हायच्या आधी, सगळ्यांनी मिळून, भरपूर भांडून ठरवा, किती सराव बुडाले की मिरवणुकीत नाही. एकदा त्यांनीच ठरवला की मग तो तुमचा नियम राहत नाही, आणि तो तुमच्या चुलतभावालाही लावा, तिथेच सगळे बघत असतात.

मिरवणुकीत मात्र लोकशाही बंद. समोर गर्दी, मागे दुसरं पथक, पोलीस पुढे सरका म्हणतायत, तिथे एकाची शिट्टी आणि ताशेवाल्याचा इशारा, बास. पथकाला हे सांगावं लागत नाही, मिरवणुकीत तीच डॉक्टर मंडळी निमूट ऐकतात. सरावाच्या मीटिंगला तुम्ही मिरवणुकीची शिट्टी वाजवताय, म्हणून ग्रुप सोडतात.

प्रश्न : मी मुळात एचआरची. पॅकेजिंगच्या एका युनिटची हेड म्हणून बसवलंय, युनिट तोट्यात आहे, आणि मालक म्हणतात हातात दांडकं घ्या, तुम्ही फार मऊ आहात. स्वभाव कसा बदलू?

उत्तर : बदलू नका, बदलतही नाही. फीडलरचं एक म्हणणं मला अजून पटतं, की माणसाचा स्वभाव बदलण्यापेक्षा भोवतालची मांडणी बदलणं सोपं.

आपल्याच गावातलं उदाहरण घ्या. थरमॅक्स कंपनीचे प्रमुख रोहिंटन आगा १९९६ साली अचानक वारले आणि एचआर बघणाऱ्या अनु आगा चेअरपर्सन झाल्या. पुढच्या काही वर्षांत कंपनीचं घसरत गेलं, शेअर पार खाली आला, एका शेअरहोल्डरचं निनावी पत्रही आलं की तुम्ही आम्हाला निराश केलंत. त्यांनी काही दांडकं घेतलं नाही. बाहेरचे सल्लागार आणले, संचालक मंडळाची नव्याने रचना करून बाहेरची स्वतंत्र माणसं बसवली, मूळ धंद्याशी संबंध नसलेले उद्योग बंद केले. निर्णय कठोरच होते, पण ते घेण्यासाठी त्यांना दुसरी बाई व्हावं लागलं नाही. कंपनी सावरली आणि २००४ मध्ये त्यांनी सूत्रं मुलीकडे, मेहेर पदमजींकडे दिली.

तुमच्याकडे एवढा मोठा सरंजाम नसेल. पण कुठला कस्टमर तोट्यात चाललाय हे दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला कागदावर समोर येऊ दे, म्हणजे 'बंद करा' हे तुम्हाला ओरडून सांगावं लागणार नाही, आकडाच सांगेल. वसुलीच्या फोनला अकाउंट्समधला कुणीतरी चिवट माणूस बसवा. आणि तुमचा मऊपणा जिथे लागतो तिथे वापरा, कमी करायच्या माणसांशी स्वतः बोला, एचआरच्या ज्युनियरला पुढे करू नका.

प्रश्न : आमचे एमडी मीटिंगमध्ये शिव्या देतात, फायली भिरकावतात. एचआर म्हणते, 'ते त्या जमान्यातले, तेव्हा असंच चालायचं, संदर्भ समजून घ्या.' तुम्हीही संदर्भ संदर्भ म्हणता, म्हणजे सगळंच माफ का?

उत्तर : नाही. जमाना बदलला की काय बदलतं ते आधी सांगतो. लायसन्स राजमध्ये आकुर्डीच्या बजाजच्या चेतक स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचे, गिऱ्हाईक शोधायचा प्रश्नच नव्हता, डोकं लागायचं ते जास्त स्कूटर बनवायची परवानगी आणि उत्पादन यासाठी. १९९१ नंतर खेळच बदलला, २००१ मध्ये त्यांची पल्सर मोटरसायकल आली, आणि ज्या कंपनीचं नाव म्हणजेच स्कूटर होतं तिने २००९ मध्ये स्कूटर बनवणं थांबवायचं ठरवलं (२०२० मध्ये चेतक इलेक्ट्रिक होऊन परत आली, ते पुढचं). संदर्भ म्हणतात तो हा, कुठला निर्णय शहाणपणाचा हे त्याने ठरतं. फाईल भिरकावणं त्यात कुठे बसतं?

रॉबर्ट हाउस यांच्या ग्लोब नावाच्या अभ्यासात ६२ समाजांतल्या सुमारे १७,००० मधल्या फळीतल्या मॅनेजरांना विचारलं होतं की चांगला नेता कसा असतो. महत्त्वाकांक्षा, धोका पत्करणं, सावधपणा अशा कितीतरी गोष्टींवर देशोदेशी मतं वेगळी निघाली, तिथे संदर्भ खराच चालतो. पण विश्वासू असणं, न्यायाने वागणं, प्रामाणिकपणा हे सगळीकडे हवंच होतं, आणि चिडखोरपणा, निष्ठुरपणा, हुकूमशाही हे सगळीकडेच नको होतं. सगळीकडे म्हणजे आपल्याकडेही, त्या जमान्यातल्या माणसांनाही.

एचआरला एकच विचारा, मोठा कस्टमर समोर बसलेला असताना एमडींनी कधी फाईल भिरकावलीय का. नसेल तर त्यांना आवरता येतं, एवढं नक्की. बाकी तुमच्यापुरतं म्हणाल तर काय झालं, कुणासमोर झालं, ते तारखेनिशी लिहून ठेवा, तक्रार एकट्याने न करता दोघा-तिघांनी मिळून लेखी करा, आणि तुमच्या हाताखालच्या पोरांना त्या मीटिंगला नेऊ नका, त्यांचे आकडे तुम्ही मांडा.